आवडीहून मद्रासच्या पेठांत

आवडी! नाव अगदी मराठी वाटतं ना? पण हे गाव आहे तामिळनाडूतलं, चेन्नईच्या पश्चिमेला वीस-बावीस किलोमीटरवर. जुन्या पिढीला ते ठाऊक आहे १९५५ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा गाजलेला ठराव झाला तो इथंच. पुढे १९६१ मध्ये इथं हेवी व्हेइकल्स फॅक्टरी निघाली, १९६५ मध्ये पहिला ‘विजयंता’ बाहेर पडला आणि आवडी रणगाड्यांचं गाव झालं.

कामासाठी वस्ती वसवायची, ही मद्रासची जुनीच रीत. ती पाहायची तर आवडीहून चेन्नई बीचकडे जाणारी लोकल पकडावी. शहर जवळ आलं की वॉशरमनपेट नावाचं स्टेशन लागतं. ‘पेट’ म्हणजे तमिळमधलं ‘पेट्टै’, आपली पेठच! पुण्याच्या पेठा बऱ्याचशा वारांच्या नावांच्या, मद्रासच्या कितीतरी पेठा मात्र धंद्यांच्या.

१६३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं इथं जागा मिळवली ती कापडासाठी. ते धुऊन पांढरंशुभ्र करणाऱ्यांची वस्ती ती वॉशरमनपेट. विणकरांसाठी १७३४ मध्ये चिंताद्रीपेट वसवली. ‘चिन्न तरी पेट्टै’, म्हणजे लहान मागांची पेठ, यावरून ते नाव आलं म्हणतात. पैसा फिरवणाऱ्यांची सौकारपेट, म्हणजे थेट सावकारपेठ! आजही तिथल्या गल्ल्यांत गुजराती-मारवाडी बोली कानावर पडते आणि मुंबईच्या भुलेश्वरची आठवण होते.

वॉशरमनपेटनंतर येतं रॉयपुरम. १८५६ मध्ये दक्षिणेतली पहिली रेल्वेगाडी इथूनच सुटली होती. त्यापुढचं स्टेशन बीच. इथं उतरलं की समोरच जॉर्ज टाऊन. इंग्रज या भागाला ‘ब्लॅक टाऊन’ म्हणत. मूळचं ब्लॅक टाऊन मात्र हे नव्हे. ते होतं सेंट जॉर्ज किल्ल्याला खेटून. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतलं. शहर परत हाती आल्यावर इंग्रजांना धास्ती पडली. शत्रूला आडोसा नको आणि तोफांना मोकळं मैदान हवं, म्हणून त्यांनी ही वस्ती पाडली. माणसं उत्तरेला सरकली. आज त्या जागेवर हायकोर्टाची लालचुटूक इमारत उभी आहे. मोकळ्या जागेची हद्द दाखवणारे सहा स्तंभ १७७३ मध्ये उभारले होते. त्यातला एकच पॅरीज कॉर्नरला उरला आहे.

जवळच तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळचं देऊळ आहे. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराज इथं दर्शनाला आले होते, असं देवळात सांगतात. मराठी पावलं इथं थबकतातच. आर्मेनियन स्ट्रीटवरचं आर्मेनियन चर्चही चुकवू नये. आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक १७९४ मध्ये याच मद्रासमध्ये छापलं गेलं!

चिंताद्रीपेटेत आता मागांची खटखट ऐकू येत नाही. वॉशरमनपेटेत कापड मात्र टिकलं. एम. सी. रोडवर लग्नाच्या साड्यांसाठी झुंबड उडते. पेठेचं नाव राहतं, काम राहीलच असं नाही.

संध्याकाळच्या लोकलनं परतताना हेच मनात घोळतं. २०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. आवडीचा कारखाना आणि आपल्या अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आता एकाच कंपनीत आहेत. कामगार संघटनांनी या बदलाला कडाडून विरोध केला होता. उद्याचं काय, हा प्रश्न आवडीत तमिळमध्ये विचारला जातो आणि अंबरनाथमध्ये मराठीत. मद्रासच्या या सर्वांत नव्या पेठेचं काम तिच्या नावाइतकंच टिको!