पृष्ठांक आणि श्लोकांक

हल्लीं आमच्या घरांत एकच पुस्तक तिघे तीन प्रकारांनीं वाचतात: मी किंडलवर अक्षर मोठें करून, नातू मोबाईलवर बारीक अक्षरांत, आणि सूनबाई छापील प्रत घेऊन. अक्षर वाढविलें कीं पडद्यावरचीं पानें वाढतात. मग ‘पान ११२ पाहा’ या म्हणण्यास अर्थ तो काय? २००७ सालच्या पहिल्या किंडलांत तर पृष्ठांकच नव्हते, ‘लोकेशन’चे आंकडे होते.

आमच्या प्राचीनांस ही अडचण नव्हती. ऋग्वेदाचें मंडल, सूक्त, ऋचा. पाणिनीचा अध्याय, पाद, सूत्र. हा पत्ता ग्रंथाच्या अंगांतच असे. पोथी भूर्जपत्राची असो कीं पडद्यावरची, गीतेंतील २.४७ जागचा हालत नाहीं. ज्ञानेश्वरींत मात्र पाठभेदांमुळें ओवीचा क्रमांक आवृत्तिपरत्वें सरकतो. तेथें संपादकाचें नांव द्यावेंच. प्लेटोचे ग्रंथ तर आजहि १५७८ सालच्या स्तेफानुसच्या आवृत्तीच्या पृष्ठांकांनींच सांगतात. तेथें पृष्ठांकच श्लोकांक होऊन बसला आहे!

खरी पंचाईत नव्या गद्याची. माझ्या पुतणीचा प्रबंध परत आला. उताऱ्यांपुढें पडद्यावरचे आंकडे होते आणि परीक्षकांस छापील प्रतींत एकहि उतारा सांपडेना. प्रामाणिक मुलगी, पण तिचे उतारे मनचे रचले असावेत असा संशय घेतला गेला. आम्हीं दोघांनीं बसून प्रत्येक ठिकाणीं प्रकरण व परिच्छेदाचा क्रमांक घातला, आवृत्तीचें साल जोडलें. परिच्छेद मोजतां मोजतां मान भरून आली. प्रबंध गेल्या सोमवारीं पुनः रवाना झाला.