खोली किती, कार्ड किती

८ एप्रिल, बारामती
सकाळीच इंदापूरहून फोन. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे दादा. "भाऊ, रेंडर लावला की अर्ध्या तासात मशीन रडायला लागतंय. कार्ड गेलं का ओ?" ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, स्क्रीनवर तापमान ८५ अंश. खोलीत किती आहे, असं विचारलं तर दादा गप्प. खरी मेख तिथंच. पंखा कार्डाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. कार्ड पूर्ण कामावर हवेपेक्षा ४५ अंश वर जात असेल, तर २३ अंशांच्या खोलीत ते ६८ दाखवणार आणि पत्र्याखाली ४० अंशांत ८५. बिघाड काहीच नाही. व्हिडिओत "८० च्या आत ठेवा" म्हणून सांगणारा माणूस बहुधा स्वेटर घालून बसलेला असतो.

११ एप्रिल, इंदापूर
सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लग्नसराई म्हणजे दादांचे सुगीचे दिवस आणि तेच नेमके वर्षातले सगळ्यांत तापलेले. सीपीयू टेबलाखालच्या कप्प्यात, मागची बाजू भिंतीला टेकलेली. म्हणजे बाहेर टाकलेली गरम हवा फिरून पुन्हा आतच.

कार्ड काढलं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळा थर घट्ट बसलेला. नुसती धूळ एवढी काळी नसते. ही ऊस गाळपाच्या हंगामातली काजळी. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस (उसाचा चोथा) जळतं, त्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तशी कॅबिनेटमध्येही शिरते. पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअर मारला (मोकळी सोडली तर भन्नाट फिरतात आणि बेअरिंग खराब होतं). चिपवरची पेस्ट खडूसारखी वाळलेली. ती पुसून नवी लावली, सीपीयू भिंतीपासून वीतभर पुढं ओढला. खोली ४० असतानाच कार्ड ७७ वर थांबलं.

दादांनी कुलर थेट उघड्या कॅबिनेटवर सोडला होता. गरम कार्डावर दव धरत नाही, ती भीती फुकाची. पण कुलरमधून उडणारे तुषार आपल्या क्षारयुक्त पाण्याचे. वाळले की बोर्डावर पांढरं सोडतात. कुलर खिडकीत बसवायला लावला, तोंड माणसाकडं.

निघताना आणखी एक केलं. हे कार्ड १७० वॅट ओढतं आणि त्यातला जवळपास प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहतो. सॉफ्टवेअरमधून मर्यादा १३५ वॅटवर आणली. रेंडरला किंचित वेळ जास्त, पण पंख्याची घरघर निम्म्यावर. दादा म्हणाले, "पैसे देऊन घेतलेली ताकद कमी कशाला करायची?" उन्हाळ्यापुरती, असं सांगितल्यावर पटलं.

१९ एप्रिल, बारामती
इंजिनिअरिंगचा एक मुलगा जुनं घेतलेलं आरटीएक्स ३०८० घेऊन आला. चिप ७१, तरी गेम अडखळतो. मेमरीचा आकडा उघडून पाहिला: १०६. या मेमरीची हद्द ११० च्या आसपास. तिथं पोचली की कार्ड स्वतःच वेग उतरवतं. मेमरीवरचे पॅड दबून कडक झालेले. त्याच जाडीचे नवे मागवले. जाडी चुकली तर चिप हीटसिंकला नीट टेकतच नाही.

२७ एप्रिल, बारामती
दुकानात ऊसशेतीतल्या एआयची चर्चा. इथल्या कृषी विज्ञान केंद्राचा मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डबरोबरचा प्रयोग सत्या नडेलांनी जगाला सांगितला, तेव्हापासून प्रत्येकाचं त्यावर मत आहे. ऊस उन्हात, त्याची गणितं करणारी यंत्रं डेटा सेंटरमध्ये, जिथं आत येणारी हवा १८ ते २७ अंशांत ठेवावी अशी शिफारस आहे. पुण्यात आयसरच्या 'परम ब्रह्म' महासंगणकाला तर पाण्याच्या नळ्यांनी थंड करतात. आपल्या माळेगाव खुर्दला पिकांना उन्हाचा ताण किती सोसतो हे अभ्यासणारी राष्ट्रीय संस्था आहे. पत्र्याखालच्या कार्डांचा ताण बघायला मात्र आम्हीच.

६ मे, बारामती
दादांचा फोन. आता रेंडर रात्री अकरानंतर लावतात. लाईट गेली नाही तर पहाटेपर्यंत काम फत्ते. नव्या कार्डासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी यूपीएसच्या बॅटरीला घातले. बरं केलं.

दुपारी दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला: "तक्रार सांगताना दोन आकडे सांगा, कार्डाचा आणि खोलीचा. ३०६० ला कंपनीनं ९३ पर्यंत मुभा दिली आहे. मे महिन्यात ८५ दिसलं तर काम थांबवू नका. डिसेंबरात, खोली २० वर असताना ८५ दिसलं, तर त्याच दिवशी घेऊन या."