पंचाची शिट्टी

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण ज्या समाजाने निर्माण केली, त्या समाजाने आपल्याविरुद्ध निघालेला पंचाचा शब्द परमेश्वराचा मानल्याचे मात्र आमच्या पाहण्यात नाही. आमच्या पंचवटीच्या नावातच पाच वड आहेत. परंतु येथील मैदानावर कबड्डीचा अटीतटीचा सामना रंगला, की पाच प्रेक्षकांचे पाच निकाल आणि पंचाचा सहावा, अशी स्थिती होते. पंचवीस हातांवरून, लोकांच्या खांद्यांआडून डोकावणाऱ्यास चढाईपटूचा अंगठा रेषेवर पडलेला स्वच्छ दिसतो, आणि दोन हातांवर उभ्या असलेल्या पंचास तेवढा दिसत नाही! प्रेमाची दृष्टी अशी तीक्ष्ण असते. फक्त ती एकाच बाजूचे पाहते.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न असता, तर आम्ही तो हसण्यावारी नेला असता. परंतु आपल्या राज्यात प्रावीण्य मिळविलेल्या खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. तेव्हा मोठ्या स्पर्धेत एका गुणाने हुकलेला सामना म्हणजे एखाद्या घराची हुकलेली भाकरीही असू शकते. हरलेल्या मुलाचा संताप आम्हांस म्हणूनच समजतो.

यंत्र आणले म्हणजे हा तंटा मिटेल, असे पुष्कळांस वाटते. त्यांनी हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेतील ७ ऑक्टोबर २०२३ चा अंतिम सामना आठवावा. भारत व इराण यांचे २८–२८ असे समान गुण. खेळ संपण्यास मिनिटाच्या आसपास अवधी. आणि पवन सेहरावत कोणास स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला. त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही तेथे शिरले. जुन्या नियमाने तेही बाद; नव्याने केवळ चढाईपटू बाद. निर्णय पुन्हा पुन्हा फिरला, खेळाडू मैदानावर बसून राहिले, सुमारे तासभर खेळ थांबला. अखेर भारताने ३३–२९ असा विजय मिळविला. आपल्या त्या संघात नाशिकचा आकाश शिंदे होता, म्हणून आमचा आनंद दुणावला. परंतु त्या दिवशी चित्रफितीत पाय कोठे पडला हे सर्वांस दिसत होते. वाद होता तो नियम कोणता, याचा. डोळ्याची उणीव यंत्र भरून काढील. नियमाचीच संदिग्धता ते कशी भरून काढणार?

अमेरिकेतील एन. बी. ए. या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने २०१५ पासून निराळा मार्ग धरला आहे. चुरशीच्या सामन्यातील शेवटच्या दोन मिनिटांत पंचांनी कोठे बरोबर निर्णय दिला, कोणता नियमभंग त्यांच्या नजरेतून सुटला, याचा अहवाल ती दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध करते. निकाल मात्र बदलत नाही. हा प्रांजळपणा आम्हांस आवडतो. तथापि एक शंका राहतेच. पाचव्या मिनिटास सुटलेला गुण आणि शेवटच्या मिनिटास सुटलेला गुण यांचे मोल एकच. पहिला कोणी मोजीत नाही. दुसऱ्यासाठी पंचाचा उद्धार होतो. आपण स्वतः सोडलेल्या चार पकडींचा अहवाल तर कोणताच संघ काढीत नाही!

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अनेक वर्षे पंचाचे काम करीत. मानधन म्हणाल तर चहाफराळापुरते. एका सामन्यानंतर त्यांच्या दारापर्यंत शिव्या आल्या, आणि त्यांनी शिट्टी कपाटात ठेवली ती कायमची. पुढील वर्षी त्याच मंडळाचे लोक पंच मिळेना म्हणून वणवण हिंडत होते.

पंच चुकत नाही म्हणून त्याचा निर्णय मानावयाचा, हे आम्हांस पटत नाही. तो माणूस आहे, चुकणारच. खेळ सुरू होण्यापूर्वी, कोण जिंकेल हे ठाऊक नसताना, दोन्ही बाजूंनी त्यास मान्य केलेले असते, म्हणून तो मानावयाचा. त्याची चूक दाखविण्याचा हक्क खेळाडूस अवश्य असावा, निर्णयाचे कारण सांगण्याची रीतही असावी. पण ती दाखविताना हात नियमाच्या पुस्तकाकडे जावा, पंचाच्या गळपट्टीकडे नव्हे.