आमच्या कॉम्प्युटरचं दुखणं

“अगं, तुझ्या त्या डब्यात कुणी सुपारी कातरायलंय का?” सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी टायपिंगला बसले होते आणि मला घाई होती. “पंखा वाजत असेल, आई,” म्हणून मी मोकळी झाले. चार दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा पंख्याचंच नाव घेतलं. ज्यांच्या हातात साठ वर्षं अडकित्ता आहे त्यांना अडकित्त्याचा आवाज ओळखू येणारच, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही. मिक्सरचा आवाज जरा बदलला तर आपण लगेच बटण बंद करतो. कॉम्प्युटरच्या वेळी मात्र कान कुठं जातात कोण जाणे!

आमचं घर गारखेड्यात. पुढच्या खोलीत मी मराठी टायपिंगची कामं घेते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, आणि विद्यापीठ गावातच असल्यामुळे पीएच.डी.चे प्रबंध. गेल्या फेब्रुवारीत माझ्याकडे कन्नड तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रबंध होता, जात्यावरच्या ओव्यांवरचा. शाळा, दोन मुलं, घरचं सगळं सांभाळून या बाई सहा वर्षं रविवारी-रविवारी खेडोपाडी हिंडल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या कामाचं नाव बाईंच्या तोंडी नेहमी असे. “आपलं त्यापुढं काहीच नाही हो ताई,” म्हणायच्या. पण चौदा आज्यांचे आवाज त्यांनी मोबाइलमध्ये भरून आणले होते. मोबाइल भरला, तेव्हा ते आवाज माझ्या कॉम्प्युटरवर उतरवले आणि मोबाइल मोकळा केला. “तुमच्याकडं आहेत म्हणजे झालं!” इति बाई. मीही मान डोलावली. दुसरीकडे एक नक्कल ठेवावी हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

शनिवारी रात्री मी काम करत असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच उतरलेली, तिनं अर्धा मिनिटही तग धरला नाही. सोमवारी सकाळी डबेबिबे आटोपून बसते तो काय, काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी. चालू करता येईल असं साधन सापडत नाही, डिस्क घाला आणि कळ दाबा. मी कळ दाबली. पुन्हा त्याच ओळी. बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. असं दहा वेळा तरी केलं असेल. रडणाऱ्या मुलाला गदागदा हलवावं तसला तो प्रकार!

शेवटी पुण्याला पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, “काकू, आधी हात बाजूला काढ.” मग त्यानं जे सांगितलं ते मी हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे. कॉम्प्युटर चालू केला की आधी मुख्य पट्टीवरचा एक छोटासा प्रोग्रॅम जागा होतो, त्याला बायोस म्हणतात. तो घरात कोण कोण आहे ते बघतो, कीबोर्ड आहे का, मेमरी आहे का, आणि मग हार्ड डिस्कला हाक मारतो. विंडोज त्या डिस्कवर असतं. डिस्कनं ओ दिली नाही तर तो तिथंच थांबतो. म्हणून पंखा फिरतो, दिवे लागतात, आणि तरी काम काही सुरू होत नाही.

डिस्कनं ओ का दिली नाही, याची कारणं मात्र अगदी फुसकीही असू शकतात. मागं पेनड्राइव्ह खोचलेला राहिला असेल तर बायोस कधीकधी त्यालाच डिस्क समजून बसतो. आमच्याकडे नव्हता. आतला रुपयाएवढा गोल सेल संपला तर घड्याळ मागं जातं आणि आधी कोणत्या डिस्कला हाक मारायची हेही तो विसरतो. आमचं घड्याळ ठीक होतं. मग प्लग काढून, डब्याच्या पत्र्याला एकदा हात लावून (अंगातली स्थिर वीज जावी म्हणून), मी बाजूचं झाकण उघडलं. आत धुळीचा थर बघून स्वतःचीच लाज वाटली. दिवाळीला फ्रिजच्या मागं हात घालणारी मी, इथं नऊ वर्षांत एकदाही नाही! डिस्कला दोन तारा येतात, एक विजेची आणि एक निरोपाची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवल्या. बऱ्याचदा एवढ्यानंच काम होतं म्हणे.

आणि खरंच चालू झाला! पण विंडोज येण्याआधी त्यानं सांगितलं, डिस्क तपासून दुरुस्त करतो आहे, थांबा. आकडा हळूहळू पुढं सरकू लागला. टक, टक, टक. आता मलाही अडकित्ता ऐकू येत होता. मी खूश. करतोय बिचारा स्वतःचं स्वतः, करू दे, म्हणून रात्रभर तसाच ठेवून निजले. माझी मोठी चूक कोणती म्हणाल तर ती ही.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये त्या मिनिटाला बहुधा ७२०० वेळा गरगरतात. त्यांच्यावरून एक टोक तरंगत फिरतं आणि वाचतं, लिहितं. तबकडी आणि टोक यांच्यातली फट आपल्या केसाच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही कमी. (१९५६ साली आयबीएमनं पहिली डिस्क केली, तिच्यात दोन-दोन फुटांच्या, म्हणजे चांगल्या परातीएवढ्या, ५० तबकड्या होत्या आणि मावायची ५० लाख अक्षरं!) हे टोक दुबळं झालं की त्याला खूण सापडत नाही, ते कडेला जातं, परत येतं, पुन्हा जातं. सुपारी कातरल्यासारखी टकटक ती हीच. अशा डिस्कला रात्रभर ‘दुरुस्ती’ला जुंपणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला दळणाला बसवणं.

मंगळवारी सकाळी पडद्यावर पुन्हा त्याच दोन ओळी. मी सगळा डबा ओढणीत गुंडाळून रिक्षानं दुकानात नेला. दुकानदार मुलानं दोन मिनिटं कान लावला. “डिस्क उडाली, मॅडम. नवीन टाकतो, विंडोज भरतो, संध्याकाळी घेऊन जा.” आणि आतलं? “ते गेलं समजा.” तो खोटं बोलत नव्हता, त्याचं काम कॉम्प्युटर चालू करून देणं. पण माझं काम ते नव्हतं. मी नवी डिस्क घातली नाही आणि जुनी त्याच्याकडे ठेवली नाही. तशीच घरी आणली. आज मागं वळून बघता त्या आठवड्यात शहाणपणाची गोष्ट माझ्या हातून तेवढी एकच झाली.

घरी सल्ल्यांचा पाऊस. यांच्या एका मित्रानं तर सांगितलं, डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. हे पिशवी शोधायलाही लागले! मी पुतण्याला विचारलं, तर तो ओरडलाच. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली तबकडीही खराब होते. डिस्क उघडूनही बघायची नाही. आपल्या घरातला धुळीचा एक कण त्या टोकाला पुरतो. ज्या प्रयोगशाळांत धूळरहित खोलीत हे काम करतात, तिथलं बिल मोठं येतं.

शनिवारी तो स्वतः आला, येताना नवी मोठी डिस्क घेऊन. त्याचा नियम असा की आजारी डिस्कला हात लावायचा तो एकदाच, तिची पूर्ण नक्कल करण्यापुरता. फायली शोधणं, दुरुस्ती, जे काय करायचं ते नकलेवर. त्याचा नक्कल करणारा प्रोग्रॅम मला फार आवडला. जिथं अडतं तिथं तो हट्ट धरून बसत नाही. सोपं सोपं आधी उचलतो, आणि अडलेल्या जागांकडे सवडीनं परत येतो. डिस्क तापू नये म्हणून टेबलफॅन लावला. रात्र गेली, रविवारची दुपार गेली. सासूबाई माळ घेऊन शेजारी बसल्या होत्या. टकटक थांबली की “आता बरंय बघ,” म्हणायच्या, सुरू झाली की गप्प.

संध्याकाळी नक्कल उघडली. प्रबंध आला, फक्त शेवटच्या प्रकरणाची फाइल उघडेना. ते हस्तलिखित कपाटात होतं, मी चार रात्रींत पुन्हा टाइप केलं. आवाज मात्र चौदापैकी अकरा आले. पुतण्या म्हणाला, “पहिल्या दिवशीच बंद करून ठेवला असतास तर कदाचित...” आणि थांबला. पोरगं मनानं चांगलं आहे.

बाईंना फोन करायला मला दोन दिवस लागले. ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कोणत्या तीन, ते विचारलं. मी नावं सांगितली. “दोघी आहेत,” त्या म्हणाल्या, “तिसऱ्या संक्रांतीआधी गेल्या.” टायपिंगचे पैसे मी घेणार नाही म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. जास्त रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता माझ्याकडे फिरत्या तबकड्यांऐवजी एसएसडी आहे. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे वेग भलताच. पण बिघडायची झाली तर ती आवाज करत नाही, सासूबाईंच्या कानाचाही उपयोग नाही. म्हणून रोज रात्री ओटा पुसून झाला की दिवसाचं काम बाहेरच्या डिस्कवर उतरवते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते. जोडलेली ठेवली तर विजेचा एकच झटका दोन्ही घेऊन जायचा. तिसरी नक्कल जालन्याला बहिणीकडे असते, येताजाता बदलते. आणि यूपीएसला नवी बॅटरी घातली, हे सांगायलाच नको.

मार्चमध्ये एका रविवारी मी बाईंबरोबर एसटीनं गेले. दोघी आज्यांनी पुन्हा ओव्या म्हटल्या. एकीला आधीच्या सगळ्या आठवल्या नाहीत, पण दोन नव्याच म्हटल्या. तिसऱ्या आजींच्या ओव्या प्रबंधात आहेत, डिस्क बिघडण्याआधीच मी ऐकून लिहून घेतल्या होत्या. शब्द सगळे आहेत. दळताना मध्येच दम लागून त्या थांबायच्या, ते मी टाइप केलेलं नाही.