रेडी टू, टेक टू

अमेरिकेतलं कॉलेज म्हटलं की आपल्याकडच्या मंडळींना हार्वर्ड आठवतं, एमआयटी आठवतं, नाहीतर शेजारच्या काकूंचा मुलगा जिथे एमएस करतोय ते विद्यापीठ आठवतं. कम्युनिटी कॉलेज हा प्रकार कुणाच्या गावीही नसतो. मी स्वतः पीएच.डी.साठी इथे सहा वर्षं काढली, पण विद्यापीठापासून चार मैलांवर असं एक कॉलेज आहे, हे मला नोकरी लागल्यावर कळलं!

तर आधी थोडी ओळख. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, स्वस्तातलं कॉलेज. प्रवेशाला टक्केवारीची चाळणी जवळजवळ नाही. या जातीचं सगळ्यात जुनं कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ मध्ये निघालं, आणि आज देशभरात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत. नर्सिंग, वेल्डिंग, गाड्यांची दुरुस्ती, हॉटेलातला स्वयंपाक, असं हाताला काम देणारं शिक्षण इथे मिळतं. आणि बऱ्याच ठिकाणी टीव्ही आणि व्हिडिओचं प्रॉडक्शनसुद्धा शिकवतात.

मी तिथे का गेलो? माझी नोकरी व्हिडिओ संशोधनातली. सभागृहात तीन कॅमेरे लावले, की कुठल्या क्षणी कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं हे संगणकाने आपणहून ठरवावं, असं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. म्हटलं, जे काम यंत्राला शिकवायचंय ते एकदा आपल्या हातांनी करून बघावं. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ. वर्गात आम्ही सोळा जण. एक निवृत्त नर्स, दोन मुलांची आई, टायरच्या दुकानात काम करणारा एक तरुण, हायस्कुलातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं, आणि अस्मादिक डॉक्टर. मास्तर म्हणजे तीस वर्षं बातम्यांच्या स्टुडिओत कॅमेरा चालवलेला माणूस. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथे प्रत्येक जण प्रत्येक काम करणार. आज जो डायरेक्टर, तो उद्या केबल गुंडाळणार."

केबल गुंडाळण्याचंही शास्त्र असतं बरं का. एक वेटोळं सरळ, पुढचं उलटं, म्हणजे वायरीला पीळ बसत नाही. दोन आठवडे आम्ही तेच करत होतो. मग पांढरा कागद दाखवून कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते शिकवणं. स्टुडिओतल्या पिवळसर दिव्यांचं रंग-तापमान ३२०० केल्विन आणि बाहेरच्या उन्हाचं साधारण ५६००. हे आकडे मला पाठ होते, पण खिडकीजवळ बसवलेल्या पाहुण्याचा अर्धा चेहरा निळा दिसतो तेव्हा काय करायचं, हे नर्सबाईंना माझ्याआधी सुचलं. त्यांनी उठून पडदा ओढला.

कंट्रोल रूमची एक स्वतंत्र भाषा असते. डायरेक्टर नुसतं "दोन नंबर दाखव" म्हणत नाही. आधी "रेडी टू", आणि मग "टेक टू". यातलं "टेक" सगळ्यांना कळतं, पण खरी गोम "रेडी"मध्ये आहे. "रेडी" म्हटल्यावर दोन नंबरचा कॅमेरावाला हलायचा थांबतो, स्विचरवरचा माणूस योग्य बटणावर बोट ठेवतो, आवाज सांभाळणारा पुढच्या माईककडे वळतो. घाईत "रेडी" गाळलं तर फोकस शोधत हेलकावणारं चित्र थेट प्रेक्षकांसमोर जातं. मास्तरचं म्हणणं, ही सूचना नाहीच, सोबत्यांना द्यायचा मान आहे.

आवाजाचा धडा त्याने असाच दिला. आधी खराब चित्र आणि स्वच्छ आवाज, मग सुंदर चित्र आणि घुमणारा आवाज. पहिली फीत आम्ही शेवटपर्यंत पाहिली, दुसरी अर्ध्या मिनिटात बंद करायला सांगितली. तेव्हापासून कुठेही चित्रीकरण केलं, की शेवटी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला ती लागते, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते.

आता थोडं माझ्या प्रांतातलं. आपल्याकडे टीव्हीच्या चित्रात सेकंदाला २५ फ्रेम्स. अमेरिकेत आधी ३० होत्या, पण १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं प्रमाण ठरलं, तेव्हा रंगाची आणि आवाजाची लहर एकमेकींत लुडबुड करू नये म्हणून तो वेग किंचित, हजारात एक इतका, कमी केला. म्हणून २९.९७. त्यामुळे ३० च्या हिशेबाने मोजत गेलं तर टेपवरचं घड्याळ तासाला ३.६ सेकंद मागे पडतं, म्हणजे १०८ फ्रेम्सचा फरक. तो जुळवायला दर मिनिटाला दोन आकडे गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. ५४ दुणे १०८. जपमाळेचे मणी बरोब्बर जुळले! हे गणित मी वर्गात फळ्यावर मांडलं आणि तेवढ्यापुरता माझा भाव वधारला.

कॉलेजात टीव्ही कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. १९५२ मध्ये इथल्या दळणवळण आयोगाने २४२ वाहिन्या शिक्षणासाठी राखून ठेवल्या, आणि २५ मे १९५३ ला ह्यूस्टन विद्यापीठाची केयूएचटी ही त्या प्रकारची पहिली वाहिनी सुरू झाली. पुढे १९८४ च्या केबल कायद्याने गावांना हक्क दिला, की आमच्या हद्दीत केबल टाकायची तर नागरिकांसाठी, शाळा-कॉलेजांसाठी आणि नगरपालिकेसाठी वाहिन्या द्या. गंमत बघा, त्याच १९८४ च्या १५ ऑगस्टला आपल्याकडे यूजीसीचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. लहानपणी दुपारी टीव्ही लावला की कुणीतरी गंभीर आवाजात जीवशास्त्र शिकवत असायचं, तेच ते. आपल्याकडे ज्ञान दिल्लीहून खाली यायचं, इथे गावाने आपलं आपण दाखवायचं, एवढाच काय तो फरक. त्यामुळे आमच्या वर्गातल्या मुलांचं पहिलं पगारी काम म्हणजे नगरपालिकेच्या सभांचं थेट प्रक्षेपण.

तर त्या टायरवाल्या तरुणाने एकदा मला सरळच विचारलं, "तू जे सॉफ्टवेअर बनवतोस, ते माझंच काम करणार ना? मग मी हे शिकू की नको?" मी गुळमुळीत काहीतरी बोललो. खरं सांगायचं तर बातम्यांच्या अनेक स्टुडिओंतून कॅमेरावाले कधीच गेलेत. यंत्रं कॅमेरे फिरवतात आणि एकच माणूस आख्खी कंट्रोल रूम सांभाळतो. त्यात लोक केबल तोडून इंटरनेटकडे वळले. केबल कंपन्यांच्या उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ५ टक्के शुल्क गावाला मिळतं आणि त्यातला वाटा बऱ्याच ठिकाणी या वाहिन्यांना जातो. तो आटत चाललाय. हे सगळं त्यालाही ठाऊक होतं.

पण त्यानंतर महिन्याभराने एक सभा झाली. विषय होता एक बसमार्ग बंद करण्याचा. एक आजी माईकसमोर बोलत होत्या. डायरेक्टरच्या खुर्चीत तो होता, मी आवाजावर. आजी म्हणाल्या, "या बसने मी एकटीच जात नाही." मागच्या रांगेतली सहा-सात माणसं न बोलता उभी राहिली. "रेडी थ्री," तो हळूच म्हणाला. "टेक थ्री." आजींचा आवाज चालू, आणि पडद्यावर ती उभी राहिलेली माणसं. एकाच्या हातात दवाखान्याची फाईल, एकीच्या अंगावर हॉटेलातला गणवेश.

आमचं सॉफ्टवेअर बोलणाऱ्याचा आवाज हुडकतं आणि त्याच्यावर कॅमेरा नेतं. गप्प उभी राहिलेली माणसं त्याच्या लेखी त्या खोलीत नव्हतीच. उद्या कदाचित उभं राहणंही त्याला शिकवता येईल. पण कोण, कशासाठी उभं राहिलं आणि आत्ता ते दाखवणं का गरजेचं आहे, हे त्या मुलाला कळलं, कारण रोज त्याच बसने तो कामावर जातो. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधल्या बैठकीत हे जसंच्या तसं सांगितलं. आता आमच्या आराखड्यात माणसाच्या हाताखाली एक बटण आहे. ते काढून टाकायचा प्रस्ताव दर तीन महिन्यांनी येतो आणि दर वेळी मी भांडतो.

आपल्याकडे हे शिक्षण नवं नाही. पुण्यात प्रभातच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९७४ मध्ये टीव्हीचं प्रशिक्षणही दिल्लीहून तिथे आलं. पण ते भाग्य मोजक्यांचं. माझ्या मावसभावाने मास मीडियाची पदवी घेतली. त्याच्या कॉलेजात कॅमेरा होता, पण तीन वर्षं कपाटात कुलूपबंद, कारण तो बिघडला तर जबाबदार कोण! परीक्षेत मात्र कॅमेऱ्याच्या भागांची नावं दहा गुणांना.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे कपाटाची सबब संपली. पण खिशातला फोन एकट्याने चालवायचा असतो. पाच जणांनी मिळून एका क्षणाची वाट बघणं, दुसऱ्याला "रेडी" म्हणणं आणि मगच पुढे जाणं, हे त्यातून येत नाही. तुमच्यापैकी कुणी कॉलेजात शिकवत असाल तर एवढंच करून बघा. तीन फोन, आठ मुलं आणि गावातली एक ग्रामसभा. गुण कशाला द्यायचे ते मुलंच सांगतील.