काचपेटीतला मठवासी

आमच्या वसईच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की खडकांमधल्या डबक्यांतून शंख चालू लागतात. लहानपणी आम्हा मुलांना त्याचे मोठे नवल वाटे. शंख उचलून उलटा धरला की आतला खेकडा अंग चोरून घेई आणि एक नांगी तेवढी अडसरासारखी दाराशी लावून बसे. पाठीमागून मऊ आणि उघडा असलेला हा जीव आयुष्यभर मेलेल्या गोगलगायींच्या घरांत बिऱ्हाड करतो. इंग्रजीत त्याला ‘हर्मिट क्रॅब’ म्हणजे एकांतवासी खेकडा म्हणतात. या बालपणीच्या ओळखीवर विसंबून मी एकदा एक चूक केली. ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

2019 च्या जानेवारीत मी कॅनडातील मिसिसागा येथे माझ्या पुतण्याकडे काही दिवस राहिलो होतो. बाहेर पारा शून्याच्या बराच खाली उतरलेला. पुतण्याच्या नऊ वर्षांच्या लेकीने काचेच्या पेटीत असे दोन खेकडे पाळले होते. ते आपल्या डबक्यांतले नव्हेत. ते कॅरिबियन बेटांवरचे, जमिनीवर राहणारे. तेही श्वास घेतात तो कल्ल्यांनीच. मात्र ते कल्ले हवेतल्या ओलाव्यावर चालतात. हवा कोरडी झाली की हा जीव हळूहळू गुदमरतो. म्हणून पेटीत 24 ते 29 अंश सेल्सिअस ऊब आणि 75 ते 85 टक्के आर्द्रता राखावी लागते. थोडक्यात, आपल्याकडचा पावसाळा त्या काचेत कोंडून ठेवायचा! तळाशी पाच भाग वाळू आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलसर करून वीतभर भरलेला. नारळाचा तो ओळखीचा वास इतक्या दूरदेशी आला आणि मला घरच्यासारखे वाटले.

एका रात्री पेटी तापवणारी विजेची पट्टी बंद पडली. दुसऱ्या संध्याकाळी पुतण्याने नवी आणली. ती कुठे लावावी, हा प्रश्न निघाला. मुलगी म्हणाली, “फादर आजोबा, पुस्तकात लिहिलंय, ती मागच्या काचेला लावायची. खाली नाही.” मी हसून म्हणालो, “अगं बाळा, ऊब नेहमी वर चढते. चूल भांड्याच्या खाली असते की बाजूला?” सगळे हसले. पुतण्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग लेकीकडे पाहिले आणि म्हणाला, “फादरकाका म्हणतात तर खालीच लावू.” पट्टी पेटीच्या बुडाला चिकटवली गेली. मुलगी गप्प राहिली.

त्या दोन खेकड्यांपैकी एक तीन आठवड्यांपासून वाळूत गाडून घेऊन बसला होता. कात टाकण्याची ती वेळ. जुने कवच उतरवून नवे घट्ट होईपर्यंत हा जीव अगदी असहाय असतो. म्हणून तो खोल बीळ करून अंधारात राहतो आणि उतरवलेले कवचही खाऊन टाकतो. मोठ्या खेकड्याला यासाठी कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. या काळात त्याला उकरून काढू नये, एवढे मुलीने मला पहिल्याच दिवशी बजावले होते.

चौथ्या दिवसापासून वरचा खेकडा अस्वस्थ होऊन कोपऱ्यात चढू लागला. नवव्या दिवशी पेटीतून सडलेल्या मासळीचा वास आला. मुलीने चमच्याने वाळू हळूहळू बाजूला केली. खालचा खेकडा गेला होता. पुतण्या तिची समजूत घालू लागला, “त्या रात्रीच्या थंडीनं गेला असेल गं.” ती माझ्याकडे पाहत होती. मी काही बोललो नाही.

सगळे निजल्यावर मी तापमापक वाळूच्या तळापर्यंत खोचला. तो 41 अंश दाखवीत होता. वरची हवा मात्र जेमतेम 22. तेव्हा माझ्या चुलीच्या दृष्टान्तातली खोट कळली. भांड्यातले पाणी खालून तापून वर चढते. ओल्या वाळूचा जाड थर ऊब तशी वर सोडत नाही. तळ तापतो, वाळतो, आणि हवा थंडच राहते. ऊब कोंडून काच तडकण्याचा धोका वेगळाच. आणि सर्वांत वाईट म्हणजे, जमिनीवरचा हा जीव उन्हापासून वाचायला खाली खणत जातो. त्याच्या हजारो पिढ्यांनी शिकवलेल्या आसऱ्याच्या जागीच मी विस्तव ठेवला होता.

त्या रात्री नित्यप्रार्थनेचे पुस्तक उघडले, पण शब्द पुढे सरकेनात. थंडीवर दोष ढकलला गेलाच होता, आणि पुतण्याने तो प्रेमानेच ढकलला होता. मी फक्त गप्प राहायचे होते. तीस वर्षे पापनिवेदनाच्या जाळीआड बसून लोकांचे ऐकलेल्या माणसाला ही सवलत ओळखता येऊ नये काय?

सकाळी मुलगी शाळेत जाण्यापूर्वी मी तिला म्हणालो, “बाळा, थंडीनं नाही. तू बरोबर सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. माझ्यामुळे गेला तो.” तिने बराच वेळ बुटाची नाडी बांधली. मग म्हणाली, “मग आज पट्टी काढू या. दुसरा तरी राहील.” अनेकांना मी प्रायश्चित्त दिले आहे, इतके नेमके प्रायश्चित्त मला सुचले असते की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी तिच्या हाताखाली मी काम केले. खेकडा झाकणाच्या डब्यात हलवला, पट्टी काढून टाकली. दुसरी नवी पट्टी मागच्या काचेच्या बाहेरील अंगाला, वाळूच्या पातळीच्या वर लावली. ऊब खोलीत वाया जाऊ नये म्हणून तिच्या मागे उष्णतारोधक पत्रा बसवला. पट्टी एका बाजूस सरकवून ठेवली, म्हणजे दुसरी बाजू थोडी गार राहून खेकड्याला निवड करता येते. थर्मोस्टॅटची तार आतल्या हवेत सोडली. दिवा टाळला, कारण तो हवा सुकवतो. वर काचेचे झाकण. विजेची वायर प्लगपाशी येण्यापूर्वी खाली झोळ देऊन सोडली, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये शिरत नाही. मग एक पूर्ण दिवस काटे पाहिले आणि त्यानंतरच खेकडा परत ठेवला.

एक गोष्ट मात्र मला पुढे कळली. बाजारात विकले जाणारे हे खेकडे जवळजवळ सारेच रानातून, किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. त्यांची पिले समुद्रात वाढतात, म्हणून घरी पैदास अत्यंत अवघड. नीट सांभाळले तर ते तीस वर्षांहून अधिक जगू शकतात. म्हणून नवा विकत न घेता, ज्या कुटुंबाला सांभाळणे जमत नव्हते त्यांच्याकडचा एक मुलीने आणला. एकट्याला ठेवायचे नव्हते, कारण हा ‘एकांतवासी’ खरे तर कळपाने राहतो. शास्त्रज्ञांनी त्याला लॅटिन नाव दिले आहे ‘सेनोबिटा’. सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकलेल्याला हा शब्द परका नाही. इजिप्तच्या वाळवंटात संत अंतोनी एकटे राहिले, तर संत पाखोमियस यांनी चौथ्या शतकात संन्याशांना एका छपराखाली आणले. असे समूहाने राहणारे ते सेनोबाइट, म्हणजे मठवासी. आणि संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत असे सांगितले आहे की महत्त्वाच्या निर्णयापूर्वी मठाधिपतीने सर्व बंधूंना बोलवावे, कारण देव अनेकदा धाकट्यालाच उत्तम ते सुचवतो. हा भाग मी परीक्षेत तोंडपाठ लिहिला होता.

मी घरी परतलो, त्यालाही आता काही वर्षे झाली. धर्मग्रामाच्या सभेत मी काही सुचवले आणि सगळ्यांनी लगेच “फादर म्हणतात तर तसंच करू” म्हणून माना डोलावल्या, की मला त्या वाळूतला तापमापक आठवतो. मग मी थांबतो आणि मागच्या बाकावरच्या तरुणांना विचारतो, “तुम्हाला काय वाटतं?” पहिल्यांदा कोणी बोलत नाही. म्हणून दुसऱ्यांदा विचारतो.