न उठणारे यंत्र

संगणकास जागे करण्याच्या क्रियेस ‘बूट’ का म्हणतात, हे आम्हांस परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. आपल्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःस वर उचलावे, अशा अर्थाची एक इंग्रजी म्हण आहे. तीवरून हा शब्द आला. यंत्राच्या अंगची लहानशी आज्ञावली प्रथम उठते, ती हार्ड डिस्कवरील दुसरीस हाक मारते, दुसरी तिसरीस उठवते आणि मग सारा कारभार सुरू होतो. या हाकेस ओ आली नाही म्हणजे काय होते, ते आष्ट्याच्या आमच्या घरी आम्ही एका रविवारी अनुभवले.

विंडोज १० चा नित्याचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आमच्या जुन्या यंत्रात नाही. धडधाकट यंत्र मोडीत घालणे जिवावर आले, म्हणून त्यावर लिनक्सच्या कुळातील उबुंटू ही प्रणाली घालण्याचे आम्ही योजिले. डिस्कचे दोन भाग होते. एकात जुनी प्रणाली. दुसऱ्यात आमच्या तीर्थरूपांनी अखेरच्या वर्षांत टंकलेल्या आठवणी. त्यांची दुसरी प्रत आम्ही कोठेही ठेवली नव्हती, हे येथे कबूल केलेच पाहिजे.

प्रणाली घालून झाली. पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले, तो काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली : सुरू होण्याजोगे साधन सापडत नाही. तिचा अर्थ आम्ही ‘सर्व पुसले गेले’ असा केला. मातोश्रींनी एवढेच विचारले, “ह्यांचं लिहिलेलं आहे ना रे?” आम्हांस उत्तर देववेना.

सायंकाळी भाचा आला. त्याने दुरुस्तीची घाई केली नाही. पेनड्राइव्ह लावून, काहीही न पुसता, प्रणाली त्यावरूनच चालवली व डिस्कचा दुसरा भाग उघडला. आठवणी जशाच्या तशा होत्या! मग तो म्हणाला, “मामा, ते ‘सापडत नाही’ म्हणतंय, ‘नाही’ असं कुठं म्हणतंय?”

दोष आमचाच निघाला. आदल्या रात्री पेनड्राइव्ह दिसेना, म्हणून यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये शिरून आम्ही ‘लेगसी’ ही जुनी पद्धत पुढे केली होती. त्या पद्धतीत यंत्र डिस्कच्या अगदी पहिल्या खणापाशी हाक मारते. यूईएफआय या नव्या पद्धतीत आरंभाची फाइल एका वेगळ्या विभागात असते. प्रणाली नव्या पद्धतीने बसली आणि यंत्र जुन्याच दारी हाका मारीत राहिले. भाच्याने पद्धत बदलली, क्रमात उबुंटूस वर आणले, आणि थोड्याच वेळात पडदा उजळला.

त्या रात्री आठवणींच्या प्रथम दोन प्रती काढल्या, व मग आम्ही त्या मातोश्रींस वाचून दाखवावयास बसलो. पहिल्याच पानावर तीर्थरूपांच्या बालपणीचा पत्ता होता : आष्टा, जिल्हा दक्षिण सातारा. १९४९ साली सातारा जिल्हा विभागून झालेला हा जिल्हा १९६० पासून सांगली म्हणवतो. नाव पालटल्यावरही जुन्या पत्त्याची पत्रे टपालवाला बिनचूक दारी आणून देई, असे तीर्थरूपांनी लिहिले आहे. यंत्रापाशी तेवढी माणुसकी नाही. त्यास नवा पत्ता आपणच सांगावा लागतो. तो सांगण्यापूर्वी घरच नाहीसे झाले, असे मात्र समजू नये.